‘तुम्ही द्याल ते’ : मंदीच्या काळात पगार कसा मागावा?

(व्याख्यानमालेतील चौथ्या पुष्पाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



गेल्या वेळी आपण ‘मूल्य’ या शब्दावर बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका तरुणानं विचारलं, “सर, हे सगळं ठीक आहे. पण परवा माझ्या हातात नोकरीचं पत्र येणार आहे. आकडा कमी आहे. बाजार पडलेला आहे. मी जास्त मागू की गप्प बसू?” सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि वेळ संपल्याचं सांगून सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र चुटपुट लागून राहिली. एक तास मूल्यावर बोलायचं आणि मूल्याचा पहिला खरा प्रश्न आला की घड्याळाकडे बघायचं, हे काही बरं नव्हे. म्हणून आजचा विषय बदलून घेतला आहे.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं पगारावर का बोलावं, असं कुणाला वाटेल. त्याला आधी उत्तर देतो. या विषयात आम्ही नापास झालेलो आहोत आणि त्या नापासाची किंमत आम्ही पस्तीस वर्षं भरली आहे.

१९७५ सालची गोष्ट. बाहत्तरचा दुष्काळ सरला होता, पण महागाई सरली नव्हती. एम.ए. होऊन बसलेल्या मुलांची रांग लांब होती आणि तत्त्वज्ञानाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. तालुक्याच्या एका गावी मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत बरी झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी शेवटी विचारलं, “गुरुजी, तुमच्या काही अपेक्षा?” आम्ही हात जोडले आणि म्हणालो, “साहेब, तुम्ही द्याल ते.”

त्यांनी काय दिलं? जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलअखेर मुक्ती. उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवीन पत्र. असं दोन वर्षं चाललं, तिसऱ्या वर्षी आम्ही कायम झालो. पहिल्या उन्हाळ्यात लग्नातली अंगठी गहाण पडली, दुसऱ्यात ती गेलीच.

त्याच आठवड्यात, त्याच संस्थेत, अर्थशास्त्राच्या जागेवर आमचा एक मित्र लागला. त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला. तो म्हणाला, “पगार श्रेणीप्रमाणे मिळेल तो मिळेल. पण नेमणूक सुट्टी धरून पूर्ण वर्षाची करता येईल का? घरमालक वर्षाचा करार मागतोय.” अध्यक्षांनी हेडक्लार्ककडे बघितलं आणि म्हणाले, “करा तसं.” अर्धा मिनिट लागला असेल. त्याची सेवा पहिल्या दिवसापासून धरली गेली, आमची तिसऱ्या वर्षापासून. दोन वेतनवाढी आणि ज्येष्ठतेतली दोन वर्षं. हे अंतर निवृत्तीपर्यंत भरून आलं नाही. मित्र आमच्यापेक्षा हुशार होता असं नाही, त्याची गरजही आमच्याइतकीच होती. त्यानं एक गोष्ट मागितली आणि सोबत तिचं कारण दिलं, एवढंच.

आजचं आपलं सगळं म्हणणं याच एका प्रसंगात आहे. आता ते उलगडून बघू.

मागणे या क्रियापदाचं ओझं

आपल्या भाषेत गंमत बघा. भीक मागतात, हक्कही मागतात. मुलीला मागणी घालतात आणि बाजारात कांद्याला मागणी असते. एकाच क्रियापदात लाचारी आहे, अधिकार आहे, सन्मानाचा प्रस्ताव आहे आणि अर्थशास्त्रही आहे. नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या माणसाच्या डोक्यात यातला कोणता अर्थ जागा असतो? बहुतेक वेळा पहिला. म्हणून जीभ अडखळते. त्यात ‘पगार’ हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याआधीचं वेतन होतं, मजुरी होती. आणि ‘मानधन’ या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. मान भरपूर आणि धन नंतर बघू, असा त्याचा रोजचा अर्थ आहे. व्याख्यानं देणाऱ्या माणसाकडून हे ऐकायला तुम्हाला हरकत नसावी.

अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात एक माणूस रंगवला आहे. त्याची लायकी असते, पण तो स्वतःला त्या लायकीचा समजत नाही आणि म्हणून जे मिळायला हवं तेही मागत नाही. आपण अशा माणसाला विनम्र म्हणून गौरवतो. अ‍ॅरिस्टॉटल त्याला क्षुद्र मनाचा म्हणतो. स्वतःला फुगवून सांगणाऱ्या पोकळ माणसापेक्षाही हा दोष जास्त आढळतो आणि जास्त वाईट आहे, असं त्याचं मत आहे. ‘तुम्ही द्याल ते’ म्हणताना आम्हाला आपण फार सभ्य वागतोय असं वाटत होतं. खरं म्हणजे आम्ही विचार करण्याचं काम समोरच्यावर ढकलत होतो. आपल्याला काय हवं हे आपणच ठरवलं नसेल, तर समोरचा ते त्याच्या सोयीनं ठरवणार. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

मंदीत नेमकं काय बदलतं?

आता मंदीकडे येऊ. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथनं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये मजुरीवर एक प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं साधं आहे. मालक आणि कामगार यांच्यात ताणाताण झाली तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो. कामगारांपैकी पुष्कळांना कामाशिवाय एक आठवडासुद्धा निघत नाही. आणि पुढे तो म्हणतो की दीर्घकाळात मालकालाही कामगाराची तितकीच गरज असते, फक्त ती इतकी तातडीची नसते.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. गरज दोघांनाही आहे, घाई मात्र एकालाच आहे. मंदीत काय होतं? आपली घाई वाढते. आपलं काम निरुपयोगी झालेलं नसतं, आपली थांबण्याची ताकद कमी झालेली असते. ‘अडला हरी’ ही म्हण हरीच्या हुशारीबद्दल काहीच सांगत नाही. तो अडला आहे, एवढंच सांगते.

मुंबईनं हे फार कडू रीतीनं अनुभवलं आहे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगारवाढीची मागणी न्याय्य होती, असं आम्हाला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण मालकांच्या गोदामात माल पडून होता, कापड बाहेरच्या यंत्रमागांवर काढून घेता येत होतं आणि धंदा आधीच घसरणीला लागला होता. थांबण्याची ताकद एका बाजूलाच होती. पुढे गिरणगावाचं काय झालं ते आपण जाणतोच. मागणी न्याय्य असणं आणि ती पदरात पडणं यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते. फिसकटलं तर आपल्या हातात काय उरतं, ही ती गोष्ट. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकात वाटाघाटींच्या शास्त्राचा पायाच यावर रचला. तुमचं बळ तुमच्या आवाजात नसतं, ते तुमच्या दुसऱ्या पर्यायात असतं.

म्हणून मंदीतली पहिली तयारी मागण्याच्या आधीची आहे. एका कंपनीनं ‘तुम्हाला घेतोय’ असं तोंडी सांगितलं की मुलं बाकीच्या मुलाखती बंद करतात. तसं करू नये. पत्र हातात पडून सही होईपर्यंत दुसरी बोलणी चालू ठेवावीत. घरखर्च किती महिने निघेल याचा हिशेब वहीत मांडावा. दोन महिने निघणार असतील तर तसं वागावं, सहा निघणार असतील तर तसं.

टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस

आता पलीकडची बाजू बघू. मंदी आहे, एका जागेला शंभर अर्ज आले आहेत, मग कंपनी आपलं कशाला ऐकेल? हा प्रश्न अर्ज करताना बरोबर आहे. निवड झाल्यावर तो तितका बरोबर राहत नाही. शंभरातून तुम्हाला निवडण्यात त्यांचे चार-सहा आठवडे गेलेले असतात. मंदीत एक जागा मंजूर करून घ्यायला विभागप्रमुखाला वर बऱ्याच सह्या मिळवाव्या लागतात. ती भरायला उशीर झाला तर जागाच गोठवली जाण्याची भीती त्याला असते. म्हणजे पत्र निघाल्यापासून सही होईपर्यंतच्या त्या चार-पाच दिवसांत घाई थोडी त्याच्याकडेही सरकलेली असते. मागायची वेळ हीच. त्याच्या आधी मागणं अवकाळी आणि सही झाल्यावर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

येल विद्यापीठाचे ट्रुमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी मंदीत एक सरळ काम केलं. तीनशेहून अधिक लोकांना, म्हणजे व्यवस्थापक, कामगार पुढारी, नोकऱ्या मिळवून देणारे सल्लागार अशांना भेटून त्यांनी विचारलं की मंदीत पगार का कापले जात नाहीत. त्यावरचं पुस्तक १९९९ साली आलं. मालकांचं उत्तर असं होतं की पगार कापला तर माणसाचं मन कामातून उडतं, आणि मन उडालेला माणूस फार महाग पडतो. दुसरी गोष्ट, नव्या माणसाचा पगारही मनाला येईल तसा ठरवता येत नाही. आत आधीपासून बसलेल्या लोकांच्या पगाराशी त्याचा मेळ ठेवावा लागतो.

यातून आपल्याला दोन धडे मिळतात. पहिला, शहाण्या मालकाला नाराज माणूस नको असतो, म्हणून नीट मांडलेलं म्हणणं तो सहसा ऐकून घेतो. दुसरा, मूळ पगाराला ‘नाही’ आलं तर ते नेहमी आपल्याबद्दल नसतं. आपल्या शेजारच्या खुर्चीवर जो बसणार आहे, त्याच्याबद्दल ते असू शकतं. मग जिथं त्यांचे हात बांधलेले आहेत तिथं डोकं आपटण्यापेक्षा जिथं ते मोकळे आहेत तिकडे वळावं. आमच्या मित्रानं हेच केलं होतं. श्रेणी ठरलेली होती, नेमणुकीची तारीख ठरलेली नव्हती.

आकडा उघडून बघा

आता एक खरं उदाहरण. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पुण्यात संगणक अभियंता आहे. चार वर्षांचा अनुभव. तिच्या कंपनीतला प्रकल्प बंद झाला, नोकरी गेली. जुना पगार वर्षाला दहा लाख. चार महिने शोधल्यावर नऊ लाखांचं पत्र आलं आणि उत्तर द्यायला दोन दिवस. वडिलांनी तिला आमच्याकडे पाठवलं, बहुधा ‘घेऊन टाक’ हे आमच्या तोंडून वदवण्यासाठी. आम्ही म्हटलं, आधी कागद उघड.

तुम्हीही तिच्याबरोबर उघडा. नऊ लाख भागिले बारा म्हणजे महिना पंचाहत्तर हजार, असं मन लगेच सांगतं. पण हा आकडा कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा आहे. त्यात दहा टक्के, म्हणजे नव्वद हजार, ‘व्हेरिएबल’ होते. ते कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून, मंदीत बेभरवशाचे. मूळ वेतन साडेचार लाख. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा बारा टक्के हिस्सा चौपन्न हजार, तोही नऊ लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे साडेएकवीस हजार, तेही त्यातच. आणि ग्रॅच्युइटी कायम नोकरीत सर्वसाधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हातात पडते. हे सगळं वजा केल्यावर महिन्याला सुमारे एकसष्ट हजार उरतात. त्यातून तिचा स्वतःचा निधीचा हिस्सा साडेचार हजार आणि व्यवसाय कर दोनशे. हातात येतात साधारण साडेछप्पन्न हजार.

पंचाहत्तर कुठं आणि साडेछप्पन्न कुठं! निधीतले पैसे तिचेच आहेत, ते बुडत नाहीत, हे खरं. पण घरभाडं निधीतून देता येत नाही.

कागद उघडल्यावर वाटाघाटीचा विषयच बदलला. ‘नऊचे दहा करा’ ही एकच मागणी डोक्यात होती, तिच्या जागी चार-पाच गोष्टी दिसू लागल्या. व्हेरिएबलचा काही भाग निश्चित पगारात येईल का? सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल का आणि ते लेखी मिळेल का? नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे, तो साठ होईल का? पद जुन्याच पातळीचं राहील ना?

तिनं मेल केला. मजकूर इंग्रजीत गेला, पण आधी आम्ही तो मराठीत बोलून घेतला. मराठीत जे वाक्य लाचार किंवा उर्मट वाटतं ते इंग्रजीतही तसंच असतं, फक्त आपल्याला कळत नाही. मजकूर साधारण असा होता : “निवड केल्याबद्दल आभारी आहे. हे काम मला करायचं आहे. माझा आधीचा पगार दहा लाख होता आणि या कामातल्या दोन जबाबदाऱ्या मी आधी स्वतंत्रपणे सांभाळल्या आहेत. दहा लाखांपर्यंत येणं शक्य आहे का? सध्याच्या परिस्थितीत ते अवघड असेल, तर व्हेरिएबलचा निम्मा भाग निश्चित पगारात घेणं, सहा महिन्यांनी फेरविचार आणि साठ दिवसांचा नोटीस पीरियड यांचा विचार व्हावा. उत्तराची वाट बघते.”

यात काय आहे बघा. पहिल्या ओळीत होकाराची इच्छा आहे, म्हणून समोरच्याला धमकी वाटत नाही. कारण तिच्या कामाचं आहे, घरच्या अडचणीचं नाही. आणि नकार देणाऱ्याला नकार देऊनही काहीतरी देण्याची वाट ठेवली आहे. तिसऱ्या दिवशी फोन आला. दहा लाख नाही. व्हेरिएबलपैकी पंचेचाळीस हजार निश्चित पगारात, फेरविचाराची ओळ पत्रात आणि नोटीस पीरियड नव्वदच. तिनं सही केली.

हा काही विजयाचा पोवाडा नाही. जुन्या पगारापेक्षा ती आजही खालीच आहे. सहा महिन्यांनी खरंच काही वाढेल का, ते तिलाही ठाऊक नाही. पण फेरविचाराची ओळ कागदावर आहे. आमच्या कागदावर तशी एकही ओळ नव्हती.

थोडक्यानं काय होतं?

पन्नास हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वडील मंडळी विचारतात. गणित करू. वर्षाला पन्नास हजारांचा फरक आहे आणि पुढची पगारवाढ दरवर्षी आठ टक्के धरली, तर वाढ मूळ आकड्यावर होते, म्हणून फरकही दरवर्षी वाढतो. दहा वर्षांत तो सव्वासात लाखांच्या आसपास जातो.

मंदीत पहिली नोकरी लागलेल्या मुलांचं पुढे काय होतं, यावर कॅनडात मोठा अभ्यास झाला. ओरिओपुलोस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांचा हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. पाच वर्षांत ती तूट निम्मी होते आणि दहा वर्षांत जवळजवळ भरून निघते. ती कशी भरून निघते, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. ती मुख्यतः चांगल्या कंपन्यांत जाण्यानं भरून निघते.

म्हणून तरुण मित्रांना आमचं आग्रहानं सांगणं आहे. मंदीत पगार कमी घ्यावा लागला तर घ्या, पण पुढे जाण्याची वाट विकू नका. दोन-तीन वर्षांचा बाँड, लांबलचक नोटीस पीरियड, ज्यात काही शिकायला मिळणार नाही असं काम, या गोष्टी पगारातल्या तुटीपेक्षा महाग पडू शकतात. पत्रात आधी त्या वाचा.

खोटं बोलावं का?

एक मुलगा आम्हाला अभिमानानं सांगत होता की त्यानं दुसऱ्या कंपनीचं पत्र आहे अशी थाप मारली. त्या लोकांनी शांतपणे पत्राची प्रत मागितली. प्रत नव्हती. आठवड्यानं नोकरीही नव्हती. पण समजा पकडला गेला नसता, तर चाललं असतं का? आम्हाला तसं वाटत नाही. वाटाघाट म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना कारणं देणं. खोट्या कारणानं मिळालेली हो ही त्या माणसाची हो नसतेच, ती आपण त्याच्याकडून काढून घेतलेली असते. शिवाय उद्यापासून त्याच्याबरोबरच काम करायचं असतं.

मात्र सगळं सांगितलंच पाहिजे असंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. “तुमची अपेक्षा सांगा” म्हटल्यावर “या पदासाठी आपली मर्यादा काय आहे ते कळलं तर बोलणं सोपं जाईल” असं म्हणण्यात काहीही अप्रामाणिक नाही. जुन्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, तर आकडा खरा सांगावा आणि लगेच पुढचं वाक्य बोलावं की हे काम त्या कामापेक्षा मोठं आहे.

आणि कधी मागू नये? घरात दुसरी कमाई नाही, हप्ते थकले आहेत, दुसरी कुठलीही बोलणी नाहीत आणि समोरच्यानं ‘यात बदल होणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं आहे, अशा वेळी सही करावी. त्यात कमीपणा नाही. नम्रपणे एकदा विचारल्यानं पत्र मागे घेतलं जाणं विरळा, पण कधी घडतच नाही असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरची चूल त्या पत्रावर अवलंबून आहे, त्याला धाडसाचे उपदेश पेन्शनर माणसानं करू नयेत.

शेवटचा मुद्दा सांगून थांबतो. कांटनं १७८५ साली एक भेद केला. काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी दुसरी गोष्ट ठेवता येते. काहींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या जागी काहीच ठेवता येत नाही. माणूस दुसऱ्या प्रकारात येतो. पगार ही किंमत आहे, या कामाची, या बाजारातली, या वर्षाची. ती वर-खाली होते. हे एकदा मनात पक्कं झालं की मागताना आवाज चढत नाही आणि नकार ऐकताना मान खाली जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्या खोलीत आम्ही हात जोडले, कारण आमच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. जागा कमी आहेत म्हणजे आपणच कमी आहोत, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या मागच्या रांगेतल्या मित्राला आमचं उत्तर एवढंच. सही करण्याआधी एकदा, कारण देऊन, लेखी विचारा. मग जे येईल त्याचा हिशेब करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मुलींनी जास्त मागितलं तर ‘आगाऊ’ म्हणतात. मग?*

तुमचा अनुभव खरा आहे. हॅना राइली बाउल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांचे प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. तीच मागणी पुरुषानं केली तर लोकांना ती फारशी खटकत नाही, बाईनं केली तर जास्त खटकते, असं त्यांना दिसलं. दोष मागणाऱ्या मुलीचा नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे. पण तो कान सुधारेपर्यंत गप्प बसायचं का? आमच्या मते नाही. मागणी कामाच्या जबाबदारीशी बांधा, लेखी ठेवा. आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला विचारावं की हेच वाक्य मुलानं लिहिलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं?

*अगदी नव्या मुलांना कँपसमधून घेतात, तिथं सगळ्यांना एकच आकडा असतो. तिथं काय मागणार?*

तिथं आकडा सहसा हलत नाही. पण रुजू होण्याची तारीख, गाव, बाँडची मुदत, कोणत्या कामावर घेणार, हे विचारता येतं. मंदीत रुजू होण्याच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे ढकललेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणून तारीख लेखी मागा, आणि ती येईपर्यंत शोध थांबवू नका.

*पन्नाशीच्या माणसानं काय करावं? आमची नोकरी गेली की कुणी उभंही करत नाही.*

हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि त्याचं गोड उत्तर आमच्याकडे नाही. तुमचा जुना आकडाच तुमच्या आड येतो. समोरच्याला वाटतं, हा एवढ्या कमी पगारावर टिकणार नाही. म्हणून ती शंका आपणच आधी बोलून दाखवावी. कमी का घेतोय, किती काळ राहणार, बदल्यात काय हवं, ते सांगावं. काहींनी आठवड्याचे चार दिवस मागून घेतले आहेत, काहींनी सल्लागार म्हणून करार केले आहेत. आणि आजच्या सभेत तुमच्या बाजूला कुणी नोकऱ्या देणारे बसले असतील, तर त्यांना आमची विनंती आहे की जाताना या गृहस्थांशी दोन शब्द बोलून जा.